पद्मिनी, स्कॉर्पिओ आणि एक हात रस्ता

आजच्या भागात आम्ही दोन गाड्यांबद्दल बोलणार आहोत. गाड्यांचं बोलणं म्हणजे पारावरच्या बाप्यांचं काम, असं कुणी म्हणेल. पण घरात गाडी येते तेव्हा हप्ता घरातून जातो, मागच्या सीटवर लेकरं घेऊन आपण बसतो, आणि दुसऱ्याची गाडी येते तेव्हा रस्त्याच्या कडेला सरकून उभ्याही आपणच राहतो. म्हणून हा विषय आपला आहे.

पहिली गाडी प्रीमियर पद्मिनी. आपल्याकडच्या जुन्या माणसांची 'फियाट', मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. दुसरी आजची स्कॉर्पिओ, ज्या जातीच्या गाडीला आता सगळे 'एसयूव्ही' म्हणतात. दोन्ही आपल्या महाराष्ट्रात घडल्या. पद्मिनी मुंबईत कुर्ल्याला, स्कॉर्पिओ नाशिकला आणि तिचा नवा अवतार चाकणला. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं आणि स्कॉर्पिओ २००२ मध्ये बाजारात आली. एकीची पाठ वळली तेव्हा दुसरी दारात आली, असंच म्हणा ना.

आधी कुर्ल्याची गोष्ट सांगतो. आपल्या देशात मोटार बनावी, असा विचार १९३० च्या दशकात सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मांडला होता. मुंबईत कारखाना काढायची योजनाही त्यांनी तयार केली. इंग्रज सरकारनं साथ दिली नाही. तो विचार सोडला नाही तो सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी. जहाजं, विमानं, साखर अशा अनेक धंद्यांत त्यांनी हात घातला होता. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. सुरुवातीला अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांचे भाग आणून इथं जोडायचे. डॉज, प्लायमाउथ, डिसोटो ही नावं त्या काळातली. पुढं इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि ५० च्या दशकात छोट्या फियाट गाड्या कुर्ल्यातून बाहेर पडू लागल्या. त्यातल्या एकीला तिच्या फुगीर, गोल अंगामुळे लोकांनी 'डुक्कर फियाट' असं नाव दिलं. ज्या घरात ती होती, त्या घरची माणसं हे नाव रागानं नव्हे, लाडानं घेत.

१९६४ च्या सुमारास 'फियाट ११०० डिलाइट' आली. आपण ज्या चौकोनी गाडीला फियाट म्हणून ओळखतो, ती हीच. सत्तरच्या दशकात फियाटशी असलेला करार संपला. मग हीच गाडी आधी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि त्यानंतर 'प्रीमियर पद्मिनी'. चितोडच्या राणी पद्मिनीवरून हे नाव ठेवलं असं सांगतात. नाव बाईचं आणि चावी बाप्याच्या हातात, अशी ती गाडी! इटलीत हे मॉडेल १९६२ मध्ये आलं आणि १९६६ मध्ये त्याच्या जागी दुसरं आलंसुद्धा. आपल्याकडं मात्र त्याच अंगाची गाडी थोडेफार बदल करत जवळपास २००० सालापर्यंत बनत राहिली.

असं का झालं? कारण तो परवान्यांचा काळ होता. कोणत्या कारखान्यानं किती गाड्या बनवायच्या ते सरकार ठरवायचं. बाहेरून गाडी आणणं जवळजवळ अशक्य. देशात मोटारी बनवणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे चढाओढ नव्हती. १९६९ मध्ये सरकारनं हुकूम काढून मोटारींच्या किमतीही ठरवून दिल्या. आजच्या मुलींना खरं वाटणार नाही, पण तेव्हा हातात रोख पैसे असले तरी गाडी मिळत नसे. नाव नोंदवायचं, अनामत भरायची आणि वर्षानुवर्षं नंबर यायची वाट बघायची. नंबर लागलेल्या माणसाला लोक घरी येऊन विचारायचे, गाडी विकतोस का? नव्या गाडीच्या सरकारी भावापेक्षा वापरलेल्या गाडीला जास्त पैसे मिळण्याचे ते दिवस होते. आपल्या आईच्या पिढीला रॉकेल आणि साखरेची रांग आठवते. पैसेवाल्यांचीही अशी एक रांग होती.

गाडी म्हणून पद्मिनी अगदी साधी. १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, ताकद साधारण ४० अश्वशक्ती. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला, त्यामुळे पुढं एकसलग बाक. त्या बाकावर चालवणाऱ्याशेजारी दोघं सहज बसत आणि मांडीवर एखादं पोर असायचंच. थंडीत सकाळी चोक ओढल्याशिवाय ती जागी व्हायची नाही. एसी नाही, काचा हातानं फिरवून खाली करायच्या. पण बॉनेट उघडलं की आत काय आहे ते डोळ्यांना दिसायचं. प्लग काढून घासायचा, कार्बोरेटर साफ करायचा, पट्टा बदलायचा. रस्त्यावरचा मिस्त्री दोन पाने आणि एका स्क्रू ड्रायव्हरवर तिला चालती करायचा. मुंबईत तिच्या जिवावर हजारो घरं चालली. गावाकडून गेलेल्या माणसानं आधी दुसऱ्याची टॅक्सी पाळीवर चालवायची, मग जमलं तर स्वतःची घ्यायची. १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, आणि पुढं टॅक्सी-रिक्षा घेणाऱ्या लहान माणसाला कर्ज देणं बँकांच्या अग्रक्रमाच्या यादीत आलं. ज्या कर्जानं घेतलेली गाडी रोज कमावून आणते, ते कर्ज ती गाडीच फेडते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पद्मिनी एका दिवसात म्हातारी दिसू लागली. १९९१ मध्ये नवं औद्योगिक धोरण आलं, १९९३ मध्ये मोटारी बनवण्यासाठीची परवान्याची अट गेली. परदेशी कंपन्या आल्या. पद्मिनीचं गिऱ्हाईक पांगलं. टॅक्सी म्हणून मात्र ती मुंबईत टिकली. पोटात सीएनजीची टाकी आल्यावर डिकीत सामानाला जागा उरली नाही, म्हणून टपावरच्या कॅरिअरवर बोचकी बांधून ती धावत राहिली. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. शेवटच्या नोंदलेल्या पद्मिनी टॅक्सीची ती मुदत २९ ऑक्टोबर २०२३ रोजी संपली, आणि मुंबईचं एक पर्व संपलं.

आता दुसरी बाजू. १९४५ मध्ये जे. सी. महिंद्र आणि के. सी. महिंद्र हे भाऊ आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी मिळून 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनी 'महिंद्र अँड महिंद्र' झाली. पोलादाच्या व्यापाराबरोबर त्यांनी माझगावला विलीज जीप जोडायला सुरुवात केली. ही जीप दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी बनलेली. आपल्याकडं ती पोलीस, वनखातं, कलेक्टर कचेरी आणि पुढाऱ्यांची गाडी झाली. ती गावात शिरली की लोक उठून उभे राहत.

पण हीच जीप पुढं गोरगरिबांचीही झाली. एसटी जिथं दिवसातून एकदा येते, तिथं 'वडाप' चालू झालं. बाजाराच्या दिवशी मागच्या दोन बाकांवर आठ-दहा बाया, पायात कोंबड्या, मांडीवर भाजीची पाटी. आमच्या गटांच्या सुरुवातीच्या तालुका बैठका अशाच गाड्यांतून झाल्या आहेत. २००० मध्ये आलेली बोलेरो आज वडापात, आरोग्याच्या कामात, शाळेच्या फेऱ्यांत सगळीकडं दिसते. म्हणून आपल्याकडं मोठी गाडी ही नुसती श्रीमंतांची हौस कधीच नव्हती.

त्या जीपच्या वंशात, पण शहरातल्या घरमालकाला आवडेल अशी गाडी बनवायची असं महिंद्र कंपनीनं ठरवलं. डॉ. पवन गोएंका यांच्या नेतृत्वाखाली नाशिकला हे काम झालं आणि जून २००२ मध्ये स्कॉर्पिओ आली. २६०० सीसीचं डिझेल इंजिन, १०९ अश्वशक्ती. म्हणजे पद्मिनीच्या अडीचपट ताकद. इथं आपल्या अभिमानाची एक गोष्ट सांगायला हवी. बोलेरो आणि स्कॉर्पिओच्या आतल्या रचनेवर काम करणाऱ्या रामकृपा अनंतन या मुंबईच्या आयआयटीत डिझाइन शिकलेल्या आहेत. पुढं त्या कंपनीच्या डिझाइन विभागाच्या प्रमुख झाल्या. रस्त्यावर दणकट, मर्दानी म्हणून मिरवणाऱ्या गाड्यांमागं एका बाईचा हात आहे, हे वडापात दाटीवाटीनं बसलेल्या आपल्याला माहीत असू दे.

स्कॉर्पिओसारख्या गाड्या इतक्या का वाढल्या, त्याची कारणंही समजून घेऊ. एक तर डिझेल. डिझेलची किंमत ऑक्टोबर २०१४ पर्यंत सरकारच्या हातात होती आणि ते पेट्रोलपेक्षा बरंच स्वस्त होतं. दुसरं, रस्ते. डिसेंबर २००० मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली, वाडीवस्तीपर्यंत डांबर पोचलं. तिसरं म्हणजे कर्ज, त्याकडं शेवटी येतो.

आता दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करू आणि टेप लावून मोजू. पद्मिनीची लांबी ३.९३ मीटर, रुंदी १.४६ मीटर. २०२२ मध्ये आलेल्या स्कॉर्पिओ-एनची लांबी ४.६६ मीटर, रुंदी १.९२ मीटर. वजन पद्मिनीच्या दुपटीच्या आसपास. रुंदीतला फरक दीड फूट. आपल्या आजीच्या भाषेत सांगायचं तर एक हात. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत.

एका हातानं काय बिघडतं? ग्रामसडक योजनेच्या रस्त्याची डांबरी रुंदी साधारण ३.७५ मीटर असते. कमी रहदारीच्या जागी ती ३ मीटरच ठेवतात. त्या पावणेचार मीटरवर दोन पद्मिनी समोरासमोर आल्या तर आरसे सोडून पावणेतीन फूट जागा उरते. हळू घेतल्या तर दोघी डांबरावरूनच जातात. दोन नव्या स्कॉर्पिओ आल्या तर दोघींची मिळून रुंदी ३.८३ मीटर होते. म्हणजे त्या मावतच नाहीत. एकीला साइडपट्टीवर उतरावं लागतं. आणि त्या साइडपट्टीवर कोण असतं? शाळेला निघालेल्या मुली, डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेली बाई, सायकल हातात धरून चाललेला म्हातारा. गाडी एक हात वाढली, तो हात रस्त्यानं दिला नाही. तो चालणाऱ्यांकडून घेतला गेला.

आतल्या माणसासाठी मात्र नवी गाडी किती तरी चांगली आहे, हेही सरळ सांगायला हवं. पद्मिनीत अपघात झाला तर वाचवायला नशिबाशिवाय फारसं काही नव्हतं. आज पुढच्या दोन्ही सीटसाठी एअरबॅग सक्तीच्या आहेत. जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकून गाडी घसरू नये यासाठीचं एबीएस एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या मोटारींना सक्तीचं आहे. स्कॉर्पिओ-एनला २०२२ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी ५ पैकी ५ तारे मिळाले. लहान मुलांच्या सुरक्षेसाठी मात्र ३ मिळाले. शोरूममध्ये पाचाचा आकडा मोठ्या आवाजात सांगतात, तिनाचा आपण विचारायचा.

आणि एक जुनी सवय मोडायची. पद्मिनीच्या बाकावर पोर मांडीवर घेऊन पुढं बसायची आपली रीत होती. एअरबॅग असलेल्या गाडीत ते जिवावर बेतू शकतं. एअरबॅग डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडते आणि तिचा मारा थेट मांडीवरच्या लेकरावर येतो. लेकरू मागं, त्याच्या मापाच्या सीटमध्ये, आणि आपला पट्टा लावलेला. पट्टा साडीवरून नीट बसत नाही, पदर चुरगळतो, हे आम्हांला ठाऊक आहे. तरी लावायचा. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं की, पट्टा लावलेल्या बाईचालकाला सारख्याच अपघातात पुरुषचालकापेक्षा गंभीर इजा होण्याची शक्यता ४७ टक्के जास्त होती. वर्षानुवर्षं अपघाताच्या चाचण्यांत बसवलेला बाहुला पुरुषाच्या मापाचा होता, त्यामुळे आपल्या अंगाचा विचार उशिरा सुरू झाला.

बाहेरच्या माणसाचं काय? पद्मिनीचं नाक बुटकं. मोठ्या गाडीचं बॉनेट साधारण उंचीच्या बाईच्या छातीजवळ येतं, आणि दुसरीतल्या पोराच्या तर डोक्याजवळ. अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेनं २०२३ मध्ये सांगितलं की, ज्या गाड्यांचं बॉनेट ४० इंचांपेक्षा उंच आहे, त्यांच्या धडकेत पायी चालणारा मरण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा ४५ टक्के जास्त असते. आपल्याकडं तर पुढं लोखंडी बुल गार्ड लावायची हौस. डिसेंबर २०१७ मध्येच केंद्र सरकारनं राज्यांना ते बंद करायला सांगितलं आहे. घरच्या गाडीला तो असेल तर काढून टाकायला सांगा. त्यानं एअरबॅगच्या कामातही अडथळा येऊ शकतो.

दुरुस्तीचाही फरक मोठा आहे. पद्मिनी मिस्त्रीच्या कानाला कळायची. नव्या गाडीत बिघाड झाला की आधी स्कॅनर जोडावा लागतो, आणि छोटा भाग न बदलता अख्खा संच बदलावा लागतो. गाडी क्वचित बिघडते हे खरं. पण बिघडली की बिल एकदम येतं. हप्त्याशिवाय हा खर्च वेगळा धरायला हवा.

आता शेवटचा आणि आमच्या कामाचा मुद्दा. १९९२ मध्ये नाबार्डनं बचत गटांना बँकेशी जोडायचा प्रयोग ५०० गटांपासून सुरू केला. १९९३ मध्ये मोटारींवरचा परवाना उठला. एक दार आपल्यासाठी उघडलं, एक मोटारींसाठी. तेव्हा पैसे असूनही गाडी मिळत नव्हती. आता पैसे नसतानाही ती दुपारपर्यंत दारात येते. रांग संपली, तिच्या जागी हप्ता आला.

वहीत मांडून बघा. १० लाखांचं कर्ज, ७ वर्षांची मुदत, व्याज साडेनऊ टक्के धरलं तर महिन्याचा हप्ता सुमारे १६,३४५ रुपये होतो. सात वर्षांत बँकेत जातात पावणेचौदा लाखांच्या आसपास. आपल्या गटात १० जणी दरमहा १०० रुपये भरतात, त्याचे वर्षाचे होतात १२,००० रुपये. म्हणजे १० बायकांची वर्षभराची बचत एका गाडीच्या एका हप्त्यालासुद्धा पुरत नाही. आणि विम्याच्या हिशेबात पाच वर्षांत गाडीची किंमत निम्म्यावर येते. सोनं मोडून गाडी घेतली तर ही तुलना जरूर करा.

आमच्या कामात आम्ही दोन्ही प्रकार पाहिले. एका गटातल्या ताईंनी गटाच्या कर्जात स्वतःची भर घालून वापरलेली बोलेरो घेतली. मुलगा सकाळी शाळेची फेरी करतो, मग दवाखान्याच्या आणि लग्नाच्या वर्द्या. गाडी रोज कमावते, हप्ता गाडीच भरते, मुंबईच्या पद्मिनीसारखा. दुसऱ्या एका घरात नवीकोरी मोठी गाडी आली. वहिनींची सही 'सहकर्जदार' म्हणून घेतली होती. त्यांना वाटलं, साक्षीदाराची सही आहे. गाडी आठवड्यातून दोनदा हलायची. हप्ते थकले तेव्हा वसुलीची माणसं त्यांच्या दारात आली, आणि गटातल्या त्यांच्या कर्जालाही त्याची झळ बसली. गाडीच्या आरसी बुकावर मात्र नाव एकट्या घरधन्याचं. कर्जात पूर्ण जबाबदारी, मालकीत काहीच नाही.

म्हणून गाडी घ्यायला आमचा विरोध नाही. अडल्या बाळंतिणीला रात्री दवाखान्यात नेणारी गाडी आम्ही पाहिली आहे. पण सही करण्याआधी चार गोष्टी विचारायच्या. ही गाडी कमावणार की उभी राहणार? एकूण किती रुपये जाणार? मी सहकर्जदार असेन तर आरसी बुकावर माझं नाव का नाही? आणि कर्ज फिटल्यावर बँकेचा बोजा उतरवून घ्यायला कोण जाणार? या प्रश्नांना कुणी रागावलं तर रागावू द्या. उत्तर मिळेपर्यंत पेन खाली ठेवायचं.

जुनी चांगली की नवी, असं कुणी विचारलं तर आम्ही सांगू : आत बसणाऱ्याला नवी, चालणाऱ्याला जुनी, आणि घराला तीच जी स्वतःचा हप्ता स्वतः कमावते. जमलं तर चालवायलाही शिका. तालुक्याला ड्रायव्हिंग स्कूल आहेत, लायसन्स काढायला बाई असण्याची अडचण नाही. पद्मिनीच्या काळात नाव बाईचं आणि चावी दुसऱ्याची होती. आता हप्त्यात आपला वाटा आहे, तर चावीतही असू द्या.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत आपल्या गावच्या रस्त्याची डांबरी रुंदी टेपनं मोजून वहीत लिहा आणि आम्हांला कळवा. साइडपट्टी भरून घेण्याची मागणी ग्रामसभेत मांडायला तो आकडा उपयोगी पडेल.